एक्केचाळीस भोकांचं चाक

बुलेटच्या रिमला एक्केचाळीस भोकं असतात. चाळीस तारांची आणि एक व्हॉल्व्हचं. चाकात हवा टिकवायची तर ही सगळी भोकं हवेपासून राखावी लागतात. मोटारसायकलच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यात ही राखण ट्यूबनं केली. आता कोल्हापुरातल्या गॅरेजांमध्ये वेगळी मागणी ऐकू येऊ लागली आहे: चाक तारांचंच हवं, पण ट्यूब नको. मागणीमागचं कारण रास्त आहे. गगनबावडा ओलांडून करूळ घाट उतरताना भर पावसात ट्यूब फाटली, तर चाक खोला, टायर उचकटा, ट्यूब काढा, चिकटवा आणि पुन्हा बसवा, हे सगळं रस्त्याकडेच्या चिखलात करावं लागतं. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा बहुधा हळूहळू उतरते, आणि चाक न खोलता बाहेरूनच रबरी पट्टी कोंबून पुढं जाता येतं.

मग तारांच्या चाकातून ट्यूब सरळ काढून का टाकता येत नाही? याचं उत्तर चाकाच्या इतिहासात आहे. तार आणि हवा या दोन गोष्टी वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात चाकात आणल्या. तारेला भोक लागतं, हवेला भोक चालत नाही. गळतीचा प्रत्येक पत्ता, म्हणजे हवा निसटण्याची प्रत्येक जागा, या दोघींच्या अडचणीच्या सोयरिकीतून आला आहे, आणि तो पत्ता कधीचा आहे हे कळलं की दुरुस्तीही नीट कळते.

ताणलेली तार

बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे भार दाबून पेलतात. तुंब्यावर आलेलं ओझं खालच्या आऱ्यांतून जमिनीवर उतरतं. लोहार तापवून लाल केलेली धाव पुठ्ठ्यांवर चढवतो, तिच्यावर पाणी ओततो, धाव आकसते आणि अख्खं चाक आवळलं जातं. कोल्हापूर भागातला ऊस किती तरी वर्षं अशाच चाकांवर गुऱ्हाळांपर्यंत पोचला. हे चाक दणकट असतं, पण जड असतं. वेगाच्या वाहनाला ते पेलवत नाही.

हलक्या चाकाची कल्पना आली ती उडण्याच्या ध्यासातून. इंग्लंडमधला जॉर्ज केली १८०८ साली उडत्या यंत्राचा विचार करत होता. त्या यंत्राला जमिनीवर धावायला जे चाक लागेल ते जवळजवळ वजनाचंच नसावं, म्हणून त्यानं दाबले जाणारे आरे सोडून ताणलेल्या दोऱ्यांचं चाक मनात आणलं. बारीक तार दाबली की वाकते, पण ओढली की आपल्या जाडीच्या मानानं अचाट जोर धरते. सगळ्या तारा आधीच ताणून ठेवल्या, तर एकही तार दाबली न जाता चाक भार पेलू शकतं. १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयरनं सायकलसाठी तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं तारा हबच्या मध्यातून सरळ न काढता हबच्या कडेला तिरप्या लावल्या. अशा तारा भाराबरोबर चाक फिरवणारा जोरही झेलतात. आज सायकलीच्या नि मोटारसायकलीच्या चाकात एकमेकींना छेदणाऱ्या तारा दिसतात, ती मांडणी स्टार्लीच्या घराण्यातली.

या चाकाचा प्राण आहे निपल: तारेच्या टोकाला बसणारी आट्यांची छोटी टोपी. ती रिमच्या भोकात बसते. ती फिरवली की तार ताणली जाते किंवा सैल होते. चाक लटपटायला लागलं की मिस्त्री निपल थोडं थोडं फिरवून चाक सरळ करतो. याला आपल्याकडे आऊट काढणं म्हणतात. चाक फिरत ठेवायचं, रिमच्या कडेशी बोट किंवा खडू धरायचा, कुठं घासतंय ते पाहायचं, त्या बाजूची तार सैल करायची, समोरची कसायची. चांगला कारागीर तारांवर पान्हा टकटकवून नुसत्या आवाजावरून ढिली तार ओळखतो.

म्हणजे निपल फिरलं पाहिजे, आणि ते फिरण्यासाठी भोकात मोकळं बसलं पाहिजे. भोकं बुजवण्यातला पहिला अडथळा इथंच आहे.

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. चाक फिरताना खाली आलेल्या तारेचा ताण किंचित कमी होतो आणि ती वर गेली की पुन्हा वाढतो. बुलेटच्या १९ इंची चाकाचा टायरसकट घेर साधारण दोन मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५०० फेरे. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण २० किलोमीटर. तेवढ्या वाटेत प्रत्येक तार दहा हजार वेळा सैल होते आणि दहा हजार वेळा ताणली जाते. तिच्यासोबत प्रत्येक निपल आपल्या भोकात केसभर हलतं. या हलत्या सांध्यावर जे काही चिकटवायचं, ते दहा हजार वेळा हललं तरी सुटता कामा नये.

कोंडलेली हवा

हवा कोंडून तिच्याकडून काम करून घेणं आपल्या लोहारांना जुनंच. कातड्याचा भाता हवा धरतो, दाबतो, सोडतो. त्याची शिवण उसवली की चांभार ती नीट करून देतो. रबर येण्याआधी हवा-पाणी अडवण्याची कारागिरी अशी कातड्याची होती. विहिरीची मोटही त्यातलीच. पण कातडं हवेला फार वेळ रोखू शकत नाही. त्यासाठी रबर लागलं, आणि उन्हात वितळणारं, थंडीत तडकणारं रबर कामाचं झालं ते चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक घालून ते तापवण्याची रीत सापडल्यावर.

१८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनियरनं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचं कवच. घोडागाडीवर त्याचे प्रयोग यशस्वी झाले, पण तेव्हा वेगानं धावणारं हलकं वाहन नव्हतं, आणि कल्पना विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टमधला पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती पुन्हा शोधली. पुढं थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचा हक्क टिकला नाही. पण या वेळी कल्पना रुजली, कारण आता खाली तारांचं हलकं चाक होतं. तार आणि हवा यांची गाठ पडली ती इथं.

गाठ पडताच कटकट सुरू झाली. डनलॉपचा सुरुवातीचा टायर रिमवर कापड गुंडाळून, चिकटवून बसवलेला असे. पंक्चर काढायचं तर सगळं सोलून काढायचं आणि पुन्हा डिंक सुकेपर्यंत थांबायचं. या त्रासातून दोन शोध निघाले. १८९० मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स वेल्चनं टायरच्या कडेत तारेचं कडं घातलं, त्यामुळं टायर रिमच्या खाचेत बसू लागला आणि हातानं काढताही येऊ लागला. आपण जिला बीड म्हणतो ती टायरची कड तेव्हाची. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलॅं बंधूंनी झटपट निघणारा टायर केला. त्याच वर्षीच्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस सायकल शर्यतीत शार्ल तेरॉं त्यांच्या टायरवर जिंकला, आणि रस्त्यात पंक्चर काढून पुढं जाता येतं हे सगळ्या युरोपनं पाहिलं.

१८९४ मध्ये जर्मनीत हिल्डेब्रांट उंट वोल्फम्युलर ही मालिकेनं बनलेली पहिली मोटारसायकल आली. तिच्या चाकांना हवेचे टायर होते. सायकलचा सगळा वारसा, तारा, निपल, ट्यूब, व्हॉल्व्ह, मोटारसायकलला जसाच्या तसा मिळाला.

ट्यूबचं शतक

तार आणि हवा यांचं भांडण ट्यूबनं मिटवलं. हवा ट्यूबच्या पोटात आणि तारांची टोकं बाहेर. मध्ये एक रबरी पट्टी, म्हणजे निपलची डोकी ट्यूबला टोचू नयेत. रिमला कितीही भोकं असोत, हवेला त्यांचा पत्ता लागत नाही.

पण ट्यूबचे स्वतःचे गळतीचे पत्ते आहेत. पहिला व्हॉल्व्ह. सायकलीत अजूनही दिसणारा, वालट्यूबची रबरी नळी चढवावी लागणारा व्हॉल्व्ह हा इंग्लंडमधल्या वुड्सचा. मोटारसायकलीत येतो तो ऑगस्ट श्रेडरचा. जर्मनीतून न्यूयॉर्कला गेलेल्या या गृहस्थाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हचं पेटंट १८९३ मध्ये निघालं. आत बसणारी पिन झिजली किंवा तिच्यात कचरा अडकला की हवा जाते. म्हणून जाणता पंक्चरवाला चाक खोलण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावतो. बुडबुडा आला तर सगळी मेहनत वाचते.

दुसरा पत्ता म्हणजे ट्यूबची भिंत. नैसर्गिक रबरातून हवा आपोआप झिरपते, भोक नसलं तरी. म्हणून जुन्या सायकली दर काही दिवसांनी पंपाखाली घ्याव्या लागत. १९३७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट थॉमस आणि विल्यम स्पार्क्स यांनी ब्यूटाइल रबर तयार केलं. त्यातून हवा फारच कमी झिरपते. पुढं मोटारगाड्यांच्या ट्यूब त्याच रबराच्या झाल्या.

तिसरा पत्ता आपल्या हवामानातून येतो. लोखंडी रिमला बाहेरून क्रोम असतं, पण आतल्या बाजूला निपलच्या भोकांतून पावसाचं पाणी शिरतं आणि ट्यूबखाली साचून राहतं. गंज चढतो, पापुद्रे उचलतात आणि ट्यूब आतून कातरली जाते. पंचगंगेच्या २०१९ च्या महापुरानं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, गावंच्या गावं पाण्यात होती आणि दारातल्या गाड्याही. अशा गाडीचं इंजिन लोक उघडून घेतात, पण टायर काढून रिमचं पोट पाहणारे थोडे. महिन्या-दोन महिन्यांनी विनाकारण पंक्चर व्हायला लागलं तर कारण तिथंच असतं.

भारतात टायरची निर्मिती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती १९३६ मध्ये, हुगळीकाठच्या साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला तेव्हा. १९५८ मध्ये मुंबईत सिएट आली. रबराची लागवड केरळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होतीच. महाराष्ट्रातल्या महामार्गांवर टायर-पंक्चरच्या दुकानांत मल्याळी माणसं इतकी दिसतात, की प्रवाशाला ते गृहीतच वाटतं. पण घरापासून इतक्या दूर, रात्री-अपरात्री, ट्रकच्या टायरखाली हात घालून ज्यांनी आपला प्रवास चालू ठेवला, त्यांची आठवण मराठी लिखाणात फारच कमी आहे.

सायकलीनंतर तारांची चाकं आणखी पसरली ती मोटारसायकलींबरोबर. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड, साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००. सगळ्यांना तारा आणि ट्यूब. बजाजच्या स्कूटरला तारा नव्हत्या, दोन पत्र्यांचे भाग बोल्टनं जोडून रिम होई, पण जोडाच्या फटीतून हवा जाणारच, म्हणून तिथंही ट्यूबच. कोल्हापुरात बुलेटचा मान मोठा. तिच्या तारांची आणि क्रोमची निगा राखणं हा इथल्या मालकांचा आवडीचा उद्योग, आणि आऊट काढणारे हात शिवाजी उद्यमनगर ते लक्ष्मीपुरीपर्यंत विखुरलेले.

ओतीव चाक

ट्यूब हटवण्याची कल्पना मोटारगाड्यांतून आली. फुगवलेली ट्यूब ताणलेली असते. खिळा लागला की ती चिरत जाते आणि हवा क्षणात निसटते. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीच्या फ्रँक हर्झेगनं टायरच्याच आतल्या बाजूला हवा न सोडणारा थर दिला आणि बीड रिमवर घट्ट बसेल अशी कड केली. त्याला १९५२ मध्ये पेटंट मिळालं, आणि १९५५ पर्यंत अमेरिकेतल्या नव्या मोटारी सर्रास ट्यूबशिवाय येऊ लागल्या. मोटारीची रिम पत्र्याची, अखंड. तिला तारांची भोकंच नव्हती. मोटारसायकल मागं राहिली ती त्या चाळीस भोकांमुळं.

म्हणून मोटारसायकलनं तारा सोडल्या. १९७८ मध्ये होंडाची सीएक्स ५०० तारांविना, ट्यूबविना आली. ॲल्युमिनियमची ओतीव चाकं पसरली. आपल्याकडे ती मॅगव्हील म्हणून २००० नंतर रुळली.

ओतीव चाकही गळू शकतं, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला ब्लोहोल माहीत असतात: ओततानाच धातूत अडकलेली हवेची पोकळी. अशा पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या तर वरून अखंड दिसणाऱ्या धातूतूनही हवा वाट काढते. त्यात ओतीव चाक खड्ड्यात आपटलं की वाकण्याऐवजी तडकतं, आणि तडकलेलं चाक वेल्डिंगनं जोडणं धोक्याचं. तारांचं चाक मात्र आपटलं तर वाकतं, एखाद-दुसरी तार तुटते, आणि आऊट काढून घरी आणता येतं. भुदरगड-राधानगरीच्या आडवाटांवर, फोंडा घाटाच्या खड्ड्यांत, ज्यांना लांब जायचंय त्यांना म्हणूनच पुन्हा तारा हव्याशा झाल्या.

तारांना ट्यूबशिवाय हवा धरता यावी यासाठी बीएमडब्ल्यूनं १९८७ मध्ये आर १०० जीएसवर एक नेटकी युक्ती केली. तारांची जागाच बदलली. तारा रिमच्या मधोमध न येता दोन्ही कडांना, टायरच्या बाहेर अडकवल्या. हवेच्या खोलीत एकही तारेचं भोक उरलं नाही, आणि टायर न काढता एकेक तार बदलताही येऊ लागली. भांडणाचं कारणच दूर केलं. भारतात रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० २०२३ मध्ये ट्यूब घालून आली, आणि पुढच्या वर्षी तिला ट्यूबविना तारांच्या चाकांचा पर्याय मिळाला. जुन्या गाडीच्या मालकाला ती सोय नाही. त्याच्यासमोर चाळीस भोकं बुजवण्याचाच रस्ता उरतो.

बुजवण्याची रीत

हे काम नीट करायचं तर क्रम मोडून चालत नाही.

सर्वांत आधी रिम पाहायची. ट्यूबसाठी बनलेल्या रिमवर डब्ल्यूएम अशी खूण असते. ट्यूबलेससाठीच्या एमटी रिमला बीडच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी तो उंचवटा बीडला खाली घसरू देत नाही. ज्या रिमला तो नाही, तिची भोकं कितीही उत्तम बुजवली तरी हवा उतरलेल्या टायरची कड वळणावर एकदम खाचेत घसरू शकते, आणि मग उरलेली हवा एका क्षणात जाते. अशा रिमवर ट्यूबच ठेवावी. टायरच्या बाजूवर ट्यूब टाइप लिहिलं असेल, तर त्याच्या आत हवा रोखणारा थर नसतो, म्हणून तोही ट्यूबविना वापरू नये.

रिम योग्य असेल तर पुढं आऊट काढून सगळ्या तारांचा ताण सारखा करायचा. हे आधीच का? बुजवल्यानंतर निपल फिरवलं तर तिथलं सील तुटतं. निपलच्या वर आलेली तारेची टोकं कानशीनं घासून सपाट करायची. मग गंज, जुना डिंक, ग्रीस, सगळं काढायचं. आत ओल राहिली तर चिकटवलेलं काहीच टिकत नाही.

त्यानंतर प्रत्येक निपलवर लवचीक सीलंट. कडक होणारं एपॉक्सी इथं चालत नाही. दहा हजार वेळा हलणाऱ्या सांध्यावर ते तडकतं. आंबट वासाचं सिलिकॉनही टाळावं, कारण सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं आणि ते धातू खातं. वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलीयुरेथेन चांगलं. ते पूर्ण सुकायला निदान एक दिवस द्यायचा. मग रिमच्या खाचेत हवाबंद टेप ताणून, बुडबुडे न राहू देता बसवायचा. व्हॉल्व्ह ट्यूबलेसचा, रबरी बूड आणि नट असलेला.

शेवटी टायर चढवून हवा भरायची आणि साबणाचं पाणी चाकावर फिरवायचं. बुडबुडे कुठं येतात ते पाहिलं की चाक स्वतःच सांगतं. व्हॉल्व्हच्या तोंडावर आले तर पिन. व्हॉल्व्हच्या बुडाशी आले तर रबर नीट बसलं नाही. टायरच्या कडेला आले तर बीडखाली गंज किंवा कचरा आहे. तारांच्या मुळाशी आले तर टेपखाली हवा शिरली आहे. ती ज्या निपलपाशी बाहेर दिसते तिथूनच आत शिरली असेल असं नाही, कारण टेपखालून ती चाकभर फिरू शकते. म्हणून एकाच निपलवर लेप थापून काम भागत नाही, टेप काढून सगळंच पुन्हा करावं लागतं.

ज्यांनी हे करून घेतलं त्यांनीही लांबच्या प्रवासात एक ट्यूब आणि टायर काढायची अवजारं सोबत ठेवावीत. सील कधी तरी सुटतं, आणि सुटलं की व्हॉल्व्ह काढून ट्यूब टाकता आली पाहिजे.

या सगळ्या क्रमात सगळ्यात महाग काय आहे? टेप नाही, सीलंटही नाही. ते कुठंही मिळतं. महाग आहे तो समसमान ताण देणारा हात. ढिल्या तारांच्या चाकावर कितीही भारी सीलंट लावा, निपल जास्त हलतं आणि सील सुटतं. गळतीचं मूळ बहुतेक वेळा रबरात नसून ताणात असतं. पण मॅगव्हीलच्या वीस वर्षांत आऊट काढणं शिकायला नवी पोरं फारशी आली नाहीत. ज्यांना ते येतं ते म्हातारे होत आहेत, आणि सायकलच्या दुकानांतही तारा विणणारा माणूस शोधावा लागतो. आता तारा परत येत असताना ही विद्या कोल्हापुरात टिकवायला हवी. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात तारा विणणं, ताण मोजणं आणि आऊट काढणं हातानं शिकवलं जावं. आणि गाडी देणाऱ्यानंही गॅरेजात पहिला प्रश्न सीलंट कुठलं लावता हा न विचारता, तारांचा ताण कोण बघणार, हा विचारावा. त्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस सापडला तरच चाळीस भोकं बुजवण्याच्या खर्चाला अर्थ आहे.